चीनमधील उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांची इंग्रजी परीक्षा : हे दीडशे गुण नेमके कशाचे?

जलरंग (धागालेखिका)

चीनमध्ये दरवर्षी 7 जूनपासून ‘गाओकाओ’ ही विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा सुरू होते आणि 8 जूनला दुपारी तीन वाजता परकीय भाषेचा पेपर असतो. 2024 साली 1 कोटी 34 लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी या परीक्षेसाठी नावे नोंदवली होती. इंग्रजी, रशियन, जपानी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश या सहा भाषांतून एक निवडण्याची मुभा असली, तरी बहुसंख्य मुले इंग्रजीच घेतात. एकूण 750 गुणांपैकी 150 गुण या एकाच पेपरला आहेत, म्हणजे चिनी भाषा आणि गणित यांच्या बरोबरीने. आमचे वास्तव्य काही वर्षे ग्वांगडोंग प्रांतातल्या ग्वांगचौ शहरात होते आणि शेजारच्या मुलीची या पेपरची तयारी मी जवळून पाहिली, म्हणून या विषयावर सविस्तर लिहावेसे वाटले. चीनमध्ये या बाबतीत जो वाद वरचेवर पेटतो, तो इंग्रजीचे गुण कमी करावेत की नाही, यावरचा असतो. हे गुण कोणत्या क्षमतेला दिले जातात, या प्रश्नाकडे त्या वादात फारसे कोणी वळत नाही आणि मला तोच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो.

अनेक प्रांतांत जो समान पेपर वापरला जातो, त्याची रचना आधी सांगते. दोन तासांच्या या पेपरमध्ये श्रवणाला 30 गुण, वाचनाला 50, गाळलेल्या जागा आणि व्याकरण यांना मिळून 30 आणि लेखनाला 40 गुण असतात. श्रवणातले पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकवतात, पुढचे उतारे दोनदा. इतर विषयांच्या पेपरला थोडा उशीर झालेला विद्यार्थी पहिल्या पंधरा मिनिटांपर्यंत आत जाऊ शकतो. या पेपरला मात्र पावणेतीन वाजताच दार बंद होते, कारण ध्वनिफीत सुरू असताना कोणी आत आल्यास संपूर्ण वर्गाचे नुकसान होते. परीक्षा केंद्राच्या आसपासची बांधकामे त्या वेळी थांबवली जातात आणि वाहनांना हॉर्न वाजवू देत नाहीत. एवढा बंदोबस्त ऐकण्यासाठी आहे. बोलण्यासाठी मात्र या पेपरमध्ये एकही गुण नाही. बऱ्याच प्रांतांत तोंडी परीक्षा ऐच्छिक असते, तिचे गुण एकूण बेरजेत धरले जात नाहीत आणि परकीय भाषेच्या अभ्यासक्रमांना प्रवेश घेऊ इच्छिणारेच ती देतात.

हे मला किती खटकते, ते 2023 च्या प्रश्नपत्रिकेवरून स्पष्ट होईल. छोट्या लेखनाच्या प्रश्नात ‘तू ली ह्वा आहेस असे समज’ ही सूचना चिनी मुलांच्या इतकी परिचयाची आहे, की ली ह्वा हे काल्पनिक पात्र प्रत्येक पिढीच्या ओळखीचे झाले आहे. तो परदेशी मित्रांना आमंत्रणे पाठवतो, क्षमा मागतो, सहलीचे वर्णन करतो. 2023 साली त्याला परदेशी शिक्षक रायन यांना पत्र लिहायचे होते. मुलांनी वर्गाबाहेर इंग्रजी बोलण्याचा सराव करावा म्हणून रायन सर कोणाचीही कोणाशीही जोडी लावणार आहेत, आणि या पद्धतीत काय अडचण आहे ते सांगून ली ह्वाने दुसरा उपाय सुचवायचा, असा तो प्रश्न होता. विषय उत्तम होता. परंतु बोलण्याच्या सरावाविषयी ऐंशी शब्दांत लिहिणाऱ्या त्या लाखो मुलांपैकी बहुतेकांचे स्वतःचे बोलणे त्या परीक्षेत कोणीही ऐकणार नव्हते.

ग्वांगडोंग प्रांताने मात्र 2011 पासून संगणकावर श्रवण-संभाषण परीक्षा सुरू केली आणि तिचे गुण अंतिम बेरजेत धरले. सध्या तिला 20 गुण आहेत, ती मार्चमध्ये होते आणि त्यामुळे तिथल्या जूनच्या लेखी पेपरमध्ये श्रवणाचा भाग नसतो. शेजारची मुलगी घरी हाच सराव करत असे. पहिल्या भागात पडद्यावर एक छोटी चित्रफीत दिसते आणि निवेदकाच्या गतीने, त्याच्यासारखे चढ-उतार घेत तोच मजकूर वाचायचा असतो. दुसऱ्या भागात चिनी भाषेत दिलेल्या सूचनेवरून तीन प्रश्न इंग्रजीत विचारायचे, संगणकाने दिलेली उत्तरे नीट ऐकायची आणि मग स्वतः पाच प्रश्नांची उत्तरे द्यायची. तिसऱ्या भागात एक गोष्ट ऐकून ती आपल्या शब्दांत सांगायची. पहिला भाग तिला बिनचूक जमत असे, कारण अनुकरणाचा सराव भरपूर झालेला होता. तिसऱ्या भागात मात्र ती वहीत भराभर क्रियापदे टिपून घेई आणि सांगताना दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यापाशी थबकत असे. गोष्ट तिला पूर्ण कळलेली असे. ती सांगण्याची सवय शाळेतल्या इतक्या वर्षांत कोणी लावलेली नव्हती. परीक्षा जवळ आली तेव्हा ती रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन मला एकेक गोष्ट सांगू लागली, आणि तिची आई म्हणाली की मुलीला घरात इंग्रजी बोलताना तिने प्रथमच ऐकले. वीस गुणांनी एवढा फरक पडू शकतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

या विषयाशी संबंध आलेल्या सर्वांनी आपापले अनुभव आणि मतभेद अवश्य मांडावेत.

प्रतिसाद : खडूफळा

लेख फार आवडला. मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो, म्हणून तुलना मनात आल्याशिवाय राहिली नाही. आपल्या राज्य मंडळाच्या बारावीला इंग्रजीची 80 गुणांची लेखी आणि 20 गुणांची तोंडी परीक्षा असते. म्हणजे बोलण्याला आपण चीनच्या बहुतेक प्रांतांपेक्षा कागदावर अधिक महत्त्व दिले आहे. परंतु ही तोंडी परीक्षा आमच्याच महाविद्यालयात आम्हीच घेतो, आणि आपल्या विद्यार्थ्याचे गुण कमी करायला हात धजत नाही, हे कोणताही शिक्षक मान्य करील. त्यामुळे हे गुण बहुतेकांना सारखेच मिळतात आणि त्यांसाठी कोणी वेगळी तयारी करत नाही. ग्वांगडोंगमधील परीक्षा संगणकावर होत असल्यामुळे हा प्रश्न सुटतो का, आणि लेखनाच्या 40 गुणांच्या तपासणीत निःपक्षपातीपणा कसा राखला जातो, हे जाणून घ्यायला आवडेल.

प्रतिसाद : जलरंग

खडूफळा सर, संगणकामुळे ओळखीपाळखीचा प्रश्न पूर्णपणे सुटतो, कारण उत्तर ध्वनिमुद्रित होते आणि गुण देणाऱ्याला विद्यार्थी कोण, शाळा कोणती, हे कळत नाही. मात्र त्यात एक मोठी उणीव राहते. समोर माणूस नसल्यामुळे न कळलेले पुन्हा विचारणे, समोरच्याचा चेहरा पाहून वाक्य बदलणे, या खऱ्या संभाषणातल्या गोष्टी त्यात येत नाहीत. तरीही एका प्रांतातल्या लाखो मुलांना समान कसोटी लावायची असेल, तर मला आजघडीला याहून चांगला मार्ग दिसत नाही.

लेखनाची तपासणीही पडद्यावरच होते. उत्तरपत्रिकांच्या प्रतिमा संगणकावर घेतल्या जातात आणि प्रत्येक उत्तर दोन परीक्षक एकमेकांचे गुण न पाहता तपासतात. दोघांच्या गुणांत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त तफावत आढळली, तर ते उत्तर तिसऱ्याकडे जाते.

प्रतिसाद : अक्षरवेल

पडद्यावरच्या तपासणीचा एक परिणाम सुलेखनाच्या अंगाने मला माहीत आहे, तो येथे नोंदवते. हबेई प्रांतातील हंगशुई येथील एका प्रसिद्ध शाळेच्या नावाने इंग्रजी हस्ताक्षराची एक शैली संपूर्ण चीनमध्ये ओळखली जाते. तिच्यात अक्षरे गोलसर, एकमेकांपासून सुटी, समान उंचीची आणि जवळजवळ छापल्यासारखी दिसतात. प्रतिमेत पाहताना ती स्पष्ट उमटतात आणि परीक्षकाला वाचायला कष्ट पडत नाहीत, म्हणून मुले ती शैली गिरवण्याच्या वह्या विकत घेऊन महिनोन्‌महिने घोटतात. अशी काही पाने मी पाहिली आहेत. वेगवेगळ्या मुलांची पाने एकमेकांशेजारी ठेवली, तर कोणते कोणाचे हे सांगता येणार नाही. अक्षर वाचनीय असावे, याबद्दल दुमत नाही. परंतु माणसाच्या अक्षरात त्याचे स्वतःचे वळण असते आणि परीक्षेपायी तेसुद्धा पुसले जावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रतिसाद : उलटतपासणी

मला मूळ भूमिकाच पटलेली नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. कांसू किंवा क्वेचौसारख्या प्रांतांतल्या डोंगराळ खेड्यातल्या मुलाला आयुष्यात इंग्रजी बोलण्याचा प्रसंग कितीसा येणार आहे? त्याला अभियंता व्हायचे असेल, तर गणितात आणि पदार्थविज्ञानात उत्तम गुण मिळवूनही तो केवळ इंग्रजीमुळे मागे राहतो. शहरातल्या मुलाला खासगी शिकवणी, परदेशी शिक्षक आणि सुट्टीतला परदेश प्रवास मिळतो; खेड्यातल्या मुलाला शब्दांची यादी मिळते. 2021 च्या मार्चमध्ये तिथल्या राजकीय सल्लागार परिषदेच्या एका सदस्याने इंग्रजीचा मुख्य विषयाचा दर्जा काढून घ्यावा, असा प्रस्ताव मांडला, तेव्हा त्याला समाजमाध्यमांवर मोठा पाठिंबाही मिळाला होता. त्याआधी 2013 मध्ये बीजिंगने इंग्रजीचे गुण 150 वरून 100 वर आणण्याचा मसुदा काढला होता. आता तर भाषांतर करणारी यंत्रे प्रत्येकाच्या खिशात आहेत. अशा स्थितीत आपण बोलण्याची परीक्षाही सर्वांना सक्तीची करायला निघालो, तर खेड्यातल्या मुलाच्या डोक्यावर आणखी एक ओझे ठेवल्यासारखे होईल.

प्रतिसाद : जलरंग

उलटतपासणी यांचा आक्षेप गंभीर आहे आणि त्यातली शहर-खेड्याची दरी मला पूर्णपणे मान्य आहे. पण गुण कमी केल्याने ती दरी कमी होईल, असे मला वाटत नाही आणि त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

सांस्कृतिक क्रांतीच्या काळात बंद पडलेली ही परीक्षा 1977 च्या हिवाळ्यात पुन्हा सुरू झाली, तेव्हा सर्वसाधारण विद्यार्थ्यांना इंग्रजी अनिवार्य नव्हते. पुढे तिचा भार हळूहळू वाढवला गेला. 1979 मध्ये इंग्रजीच्या गुणांपैकी 10 टक्के एकूण गुणांत धरले गेले, 1980 मध्ये 30, 1981 मध्ये 50, 1982 मध्ये 70 आणि 1983 पासून सगळे. त्या सुरुवातीच्या वर्षांत परीक्षा देणाऱ्यांमध्ये यू मिनहोंग हा खेड्यातला मुलगा होता. पहिल्या प्रयत्नात त्याला इंग्रजीत 33 गुण मिळाले. तिसऱ्या प्रयत्नात, 1980 साली, त्याला पेकिंग विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात प्रवेश मिळाला. पुढे 1993 मध्ये त्यानेच ‘न्यू ओरिएंटल’ ही चीनमधली सर्वांत नावाजलेली शिकवणी संस्था स्थापन केली. एका उदाहरणावरून नियम ठरत नाही, हे मी जाणते. परंतु सर्वांना सारखाच असलेला हा पेपर खेड्यातल्या मुलासाठी वर जाण्याची शिडीही ठरला आहे, हे विसरता येत नाही. गुण कमी केले, की सरकारी शाळा त्या विषयाच्या तासिका आणि शिक्षक कमी करतील, श्रीमंतांची मुले तो विषय बाहेर शिकत राहतील आणि पुढे नोकरीच्या वेळी तीच मुले पुढे निघून जातील. बीजिंगचा तो मसुदा प्रत्यक्षात आला नाही, आणि 2014 च्या सप्टेंबरमध्ये राज्य परिषदेने (म्हणजे चीनच्या केंद्रीय मंत्रिमंडळाने) सुधारणांचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात तिन्ही मुख्य विषयांचे 150 गुण कायम राहिले. मला तो निर्णय योग्य वाटतो.

बोलण्याच्या परीक्षेबद्दलही हेच लागू होते. ज्याची परीक्षा नाही ते खेड्यातल्या शाळेत शिकवलेच जात नाही. एकदा गुण ठेवले, की निदान संगणक कक्ष आणि सरावाचे साहित्य द्यावे, अशी मागणी सरकारकडे हक्काने करता येते.

प्रतिसाद : उलटतपासणी

शेवटचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. तरीही साधने आधी आणि परीक्षा मागून, हा क्रम पाळला जावा, एवढा आग्रह मी धरीन. ग्वांगडोंगसारख्या संपन्न प्रांताला जे जमले, ते तसेच्या तसे सर्वत्र लागू करणे न्याय्य होणार नाही.

प्रतिसाद : चेरीबहर

मी जपानी भाषेचे वर्ग घेते, म्हणून एक वेगळी बाजू मांडते. गेल्या काही वर्षांत चीनमध्ये इंग्रजीत कच्ची असलेली अनेक मुले उच्च माध्यमिक शाळेत आल्यावर जपानीकडे वळली. लिपीतली बरीच चिन्हे ओळखीची असल्यामुळे सुरुवात सोपी जाते आणि गुण तेच 150. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा व्यवहार समंजस आहे. मात्र आठ-नऊ वर्षे इंग्रजी शिकलेले मूल दोन-अडीच वर्षांच्या जपानीवर अधिक गुण मिळवत असेल, तर या दोन पेपरांतले गुण एकाच मापाचे मानता येतील का, असा प्रश्न उरतो. शिवाय विद्यापीठात गेल्यावर बऱ्याच ठिकाणी पुन्हा इंग्रजीच समोर येते आणि ही मुले तिथे अडखळतात.

प्रतिसाद : मोजपट्टी

चेरीबहर यांनी मापाचा प्रश्न काढला, तोच धागा पुढे नेतो. शैक्षणिक मूल्यमापन हे माझे काम आहे. गाओकाओ ही मुळात निवड परीक्षा आहे. मर्यादित जागांसाठी मुलांचा क्रम लावणे, हे तिचे पहिले काम. एखाद्याला इंग्रजी किती येते, हे सांगणारी परीक्षा वेगळ्या तऱ्हेने बांधावी लागते. चीनने 2018 मध्ये इंग्रजी क्षमतेची नऊ पायऱ्यांची राष्ट्रीय मानके प्रसिद्ध केली आणि 2019 मध्ये आयेल्ट्स व टोफेल या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षांचे गुण त्या पायऱ्यांशी जोडून दाखवले. त्या मानकांत बोलणे, लिहिणे, ऐकणे यांच्याबरोबर दुभाषाचे काम आणि भाषांतर यांचाही विचार आहे. परंतु गाओकाओमध्ये 120 गुण मिळवणारा विद्यार्थी यांतल्या कोणत्या पायरीवर उभा आहे, हे त्याच्या गुणपत्रिकेवर लिहिलेले नसते.

क्रम लावणाऱ्या परीक्षेत एकेक गुण किती जिव्हाळ्याचा होतो, याचे उदाहरण झेजियांग प्रांतात 2018 मध्ये घडले. तिथे इंग्रजीची परीक्षा वर्षातून दोनदा देता येते आणि त्यांतले चांगले गुण धरले जातात. त्या वर्षीच्या नोव्हेंबरचा पेपर आधीच्या पेपरपेक्षा कठीण गेल्याचे आढळल्यावर प्रांताच्या शिक्षण खात्याने काही प्रश्नांचे गुण वाढवून दिले. निकाल लागताच विद्यार्थी आणि पालक संतापले, कारण वाढ सर्वांना सारखी मिळाली नव्हती. प्रांतिक सरकारने चौकशी केली, तो निर्णय चुकीचा ठरवला, मूळ गुण पुन्हा लागू केले आणि खात्याच्या प्रमुखांना पदावरून दूर केले. दोन वेगवेगळ्या पेपरांची काठिण्यपातळी समान आहे, हे आधी सिद्ध करण्याची शास्त्रीय पद्धत असते. त्यासाठी काही प्रश्न आधीच्या परीक्षेतून गुप्तपणे वापरावे लागतात किंवा आगाऊ चाचणी घ्यावी लागते. पेपर फुटण्याच्या भीतीमुळे गाओकाओच्या बाबतीत ते फार अवघड होते. दोनदा परीक्षा देण्याची सवलत मुलांसाठी चांगली आहे, पण तिच्यामागचे हे काम अपुरे राहिले, तर अन्याय होणारच.

प्रतिसाद : रेशीमवाट

आम्ही सध्या शांघायमध्ये राहतो. येथेही इंग्रजीची परीक्षा जानेवारीत आणि जूनमध्ये अशी दोनदा होते आणि बोलण्याला थोडे गुण आहेत. ओळखीच्या चिनी पालकांकडून ऐकले ते असे, की मुलांवरचा ताण कमी होईल म्हणून दुसरी संधी दिली गेली, परंतु बहुतेक सर्व मुले दोन्ही वेळा परीक्षा देतात आणि बारावीच्या वर्षाचा पूर्वार्ध इंग्रजीलाच वाहिलेला असतो. जानेवारीत मनासारखे गुण मिळाले, तर पुढचे महिने इतर विषयांना देता येतात, हा फायदा खरा आहे. नाही मिळाले, तर मात्र तोच अभ्यास पुन्हा. जलरंगताई, आपण लेखनातल्या मोठ्या प्रश्नाबद्दल काहीच लिहिले नाही. आमच्या परिचयातली इतर प्रांतांतली मुले त्यालाच सर्वांत जास्त घाबरतात.

प्रतिसाद : जलरंग

रेशीमवाट, बरे झाले विचारलेत, कारण या परीक्षेतला मला सर्वांत आवडणारा प्रश्न तोच आहे. त्यात सुमारे साडेतीनशे शब्दांची एक अर्धवट गोष्ट देतात. पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्ये छापलेली असतात आणि विद्यार्थ्याने दीडशे शब्दांत ती गोष्ट पूर्ण करायची. तिला 25 गुण आहेत. झेजियांगमध्ये 2016 पासून तो विचारला जाऊ लागला आणि मग इतर प्रांतांत पसरला. ग्वांगडोंग परकीय भाषा विद्यापीठातील प्राध्यापक वांग चूमिंग यांनी या प्रकाराचा दीर्घकाळ पुरस्कार केला. वाचलेल्या मजकुराशी आपली भाषा जुळवून घेत पुढे लिहिताना शिकणाऱ्याच्या अंगी ती भाषा मुरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

2022 ची गोष्ट उदाहरणादाखल सांगते. शाळेत क्रॉस-कंट्री धावण्याची मोठी शर्यत आहे. डेव्हिड या मुलाला मेंदूचा आजार असल्यामुळे इतरांसारखे चालता-धावता येत नाही, तरी तो रोज सरावाला येत आला आहे. ऐन शर्यतीच्या दिवशी मात्र तो धावायला नकार देतो. इतर शाळांतली मुले त्याला हसतील अशी भीती प्रशिक्षकांना वाटत असते, म्हणून धावायचे की नाही हे त्यांनी त्याच्यावरच सोपवलेले असते. गोष्ट सांगणारी त्याची शिक्षिका आहे. पहिल्या परिच्छेदाचे छापील वाक्य असे, की आम्ही शेजारी बसलो, पण डेव्हिड माझ्याकडे पाहीना. दुसऱ्याचे असे, की इतर धावपटूंबरोबर डेव्हिड आरंभरेषेकडे गेला आणि मी पाहत राहिले. या दोन वाक्यांच्या मध्ये त्या मुलाचे मन कसे वळले, हे सतरा-अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने परक्या भाषेत लिहायचे आहे. पर्यायांवर खुणा करून हे साधत नाही. 1985 मध्ये याच ग्वांगडोंगमध्ये प्राध्यापक गुई शिचुन यांच्या मार्गदर्शनाखाली प्रमाणित इंग्रजी चाचणीचा प्रयोग झाला होता. तेव्हा यंत्राने तपासता येतील असे वस्तुनिष्ठ प्रश्न आणणे ही काळाची गरज होती, कारण गुण देण्यातली मनमानी थांबवायची होती. तिथून या गोष्टीपर्यंतचा प्रवास फार मोठा आहे.

परंतु शिकवण्यांनी यावरही तोडगा काढला आहे. भीतीसाठी पाच वाक्ये, आनंदासाठी पाच, डोळे भरून येण्यासाठी पाच, अशा तयार याद्या मुलांना पाठ करायला देतात. शेजारच्या मुलीच्या वहीत भावनांची अशी पानेच्या पाने होती. डेव्हिड नकार देतो त्या जागीही तिने आधी एक पाठ केलेले वाक्य टाकले होते, ज्यात त्याचे हृदय छातीतून बाहेर पडू पाहत होते. मी तिला विचारले, की तुझ्या वर्गातला एखादा मुलगा असा गप्प बसला असता, तर तू काय केले असतेस? ती बराच वेळ विचार करून म्हणाली, की मी काही बोलले नसते, त्याच्या बुटाची सुटलेली नाडी बांधून दिली असती. मग तेच तिने लिहिले. व्याकरणाच्या दोन चुका झाल्या, पण तो परिच्छेद तिचा होता.

खडूफळा सर, आपल्या वर्गात असा एखादा प्रश्न देऊन पाहता येईल का? पाठ्यपुस्तकातलीच एखादी कथा मध्यावर थांबवून मुलांना पुढे लिहायला सांगायचे, आणि लिहून झाले की तीच गोष्ट शेजारच्या मुलाला तोंडी सांगायला लावायची.

प्रतिसाद : खडूफळा

अवश्य देऊन पाहतो. पहिल्या घटक चाचणीनंतर अकरावीच्या एका तुकडीपासून सुरुवात करीन, आणि मुलांची संमती मिळाली तर त्यांनी लिहिलेले दोन-तीन परिच्छेद येथेच आणून देईन.